बांगडीची निशाणी

आश्विन लागला की खाडी गप्प होते. भाद्रपदापर्यंत तिचा गढूळ गोंगाट चाललेला असतो. डोंगरातली माती, उन्मळलेली झाडं, कुणाच्या गोठ्याचा कूड, सगळं पोटात घेऊन ती धावत असते. मग एका सकाळी बघावं, तर पाणी उतरलेलं, तिवरांच्या मुळ्या उघड्या पडलेल्या, चिखलावर खेकड्यांची लगबग, आणि पलीकडच्या शेतांवरून पिकत आलेल्या भाताचा गोडसर वास. ठाण्याच्या या घराच्या मागच्या दारातून खाडी दिसते. परवा तांदूळ निवडता निवडता तो वास आला आणि माझा हात सुपातच थांबला. तेरा वर्षं झाली. काळ सगळं धुऊन नेतो, असं लोक म्हणतात. म्हणोत. काही गोष्टी मी धुऊ दिलेल्या नाहीत.

तेव्हा आम्ही कल्याणला होतो. खाडीपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, मागे आड, आडाशेजारी शेवगा. घरात आम्ही दोघंच. शहाडच्या बाजूला नदीकाठी सूत रंगवण्याचा नवा कारखाना निघाला होता, तिथे हे कारकून होते. आमच्या आळीत त्या नोकरीचा केवढा मान! पूर्वीचे रंगारी नीळ, कुसुंबा, आल नावाच्या झाडाची मुळं यांतून रंग काढत आणि दिवसच्या दिवस त्यात घालवत. इथे विलायतेहून पत्र्याचे डबे येत. मूठभर भुकटी हौदात पडली की सुताच्या लडीच्या लडी बघता बघता जांभळ्या होत. हे घरी येऊन सांगत तेव्हा मला ती जादू वाटे. मी लडींचा रंग विचारी, सुताचा पोत विचारी. हौदातलं उरलेलं पाणी कुठे जातं, हे मात्र मी कधीही विचारलं नाही. दुसऱ्यांचे दोष सांगायला बसले आहे, तेव्हा आधी माझा हा सांगून टाकते.

पावसाळ्यात काही कळलंच नाही. नदीला इतकं पाणी की रंग कुठल्या कुठे जाई. आश्विनात नदी रोडावली. कल्याणपर्यंत समुद्राची भरती चढते. कारखान्याच्या ओहोळातून सुटलेलं पाणी ती भरती अडवून धरू लागली. घटस्थापनेच्या दिवशी घटासाठी माती आणायला काठावर गेले, तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. कडेला फेस, आणि फेसाखाली गुलाबी पाणी, मध्ये जांभळ्या रेघा. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. लुगड्याच्या काठासारखं. उन्हं वर आली आणि वास सुटला. आंबूस, नाकात झोंबणारा, घशाशी येऊन बसणारा. ती माती मी परत टाकून दिली आणि शेवग्याखालची उकरून घट बसवला.

हिरूबाई कोळीण एक दिवसाआड आमच्या मागच्या दाराशी मासळी घेऊन यायची. उंच, काळीसावळी, हातभर हिरव्या बांगड्या. तिची हाक आळीच्या या टोकाला निघाली की त्या टोकाच्या मांजरी जाग्या होत. नवरात्रात मासळी आमच्याकडे वर्ज्य, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पाचव्या माळेला आली. हाक न मारता आली. टोपली खाली ठेवली, वरचं फडकं काढलं. आत चार बोय होत्या, डोळ्यांवर साय आलेली, कल्ले जांभळट.

"ह्या इकायला नाय आनल्या, वैनी. तुमाला दाखवाया आनल्या. जाल्यात नाय गावल्या. आपसूक वर आल्या, पोट वर करून. आमच्या दारापुरं तर ढीग पडलाय."

मग तिने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती, आणि मनगटावर, बांगड्यांच्या खाली, लाल चट्टे.

"दिसभर पान्यात हात. दुसरं काय करनार? आनि माझी मैना..." तिने फडकं पुन्हा मासळीवर ओढलं.

मैना तिची सात वर्षांची लेक. आईबरोबर कधीमधी यायची, आमच्या पायरीवर बसून शेवग्याची फुलं वेचायची. कोळीवाड्याच्या बायका काठावर खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी पीत. तीन दिवस पोरीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. शेजारच्याची म्हैस त्याच काठावर पाणी प्यायली आणि संध्याकाळी पाय झाडून मेली होती.

कोळीवाड्यातले पुरुष कारखान्याच्या फाटकाशी जाऊन आले होते. मॅनेजर बाहेर आला, हसून बोलला म्हणे. "रंगाने कधी कोणी मरतं का? शिमग्याला तुम्ही रंगच खेळता ना? समजा, यंदा शिमगा लवकर आला!"

हे वाक्य हिरूबाईने जसंच्या तसं सांगितलं आणि माझ्या दारात थुंकली. मग पदराने ती जागा पुसली आणि म्हणाली, "अर्ज करायचाय. कचेरीपुढचा लिवनारा म्हनतो, कारखान्यावर मी लिवत नाय. तुमाला लिवता येतंय ना, वैनी?"

येत होतं. माझे वडील पंतोजी. पोराला शिकवायचं ते पोरीला शिकवलं, कारण पोरगा झालाच नाही. मला बाळबोध येत होती, मोडी येत होती. आणि माझा नवरा त्याच कारखान्यात कारकून होता.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

ती गेली. मी जेवायला वाढलं, जेवले, भांडी घासली. त्या रात्री यांना एवढंच विचारलं, "हौदातलं पाणी तिकडे कुठे सोडतात?" हे क्षणभर थांबून म्हणाले, "ओहोळात. झोप आता." त्या क्षणभराच्या थांबण्यातून मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिरूबाईच्या होडीत बसले. आळीतल्या कुणी मला, आळीच्या सुनेला, होडीत पाहिलं असतं तर माझं काय झालं असतं, ते आज हसत सांगता येतं. डोक्यावरून पदर ओढून मी फळीवर अंग चोरून बसले होते. मांडीत औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या, उकळून धुतलेल्या, आणि बुचावर लावायला मेण. हिरूबाई वल्हवत होती. चट्टे पडलेल्या हातांना तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या. ओहोटी लागली होती. दोन्ही बाजूंना चिखलाचे उतार, आणि ज्या चिखलात निवट्या मासोळ्या टणाटण उड्या मारायच्या तो गप्प पडलेला. कावळेसुद्धा नव्हते. मेलेल्या मासळीला कावळा शिवत नव्हता.

ओहोळाच्या वर एक बाटली भरली. पाणी साधं, किंचित मातकट. ओहोळाच्या तोंडाशी दुसरी. तिथे हिरूबाईने मला हात बुडवू दिला नाही, तिने स्वतः भरली. खाली थोड्या अंतरावर तिसरी. काठावर कारखान्याच्या मागच्या अंगाला गाळाचा उकिरडा दिसत होता. जांभळा, हिरवा, गंजासारखा तांबडा. त्यावर एक शेळी उभी राहून काहीतरी चघळत होती. "हाड, हाड!" हिरूबाई होडीतून ओरडली. शेळीने ऐकलं नाही. बाटल्यांना मेण मी गरजेपेक्षा जास्त जोर लावून दाबत होते. भीतीने असेल असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो राग होता. तोवर कधी आला नव्हता म्हणून ओळखू आला नाही.

अर्ज मी खंडेनवमीला लिहिला. सगळे जण शस्त्रं पुजत होते. मी दौत आणि बोरू पुजले आणि लिहायला बसले. वडील लोकांना लिहून देत ते अर्ज मी लहानपणी पाहिले होते. त्यांत आधी दहा ओळी सरकारच्या पायांची धूळ मस्तकी लावलेली असे, मग आम्ही गरीब लेकरं, मग मायबाप. मी ती धूळ गाळली. लिहिलं, "आमची खाडी खराब केली आहे. ती कोणी केली हे आम्ही पाहिले आहे. ज्याने केली त्याने ती थांबवावी, आणि न थांबविल्यास सरकारने थांबवावी. सोबत तीन बाटल्या पाठविल्या आहेत." गयावया, नशीब, दैव यांतलं काही नाही. वाचून दाखवलं तेव्हा हिरूबाई म्हणाली, "येवडाच?" मी म्हटलं, "एवढंच. जास्त लिहिलं तर मधलं वाचत नाहीत."

दसऱ्याच्या सकाळी कोळीवाड्यात, जाळी वाळत घालतात त्या अंगणात, बायका जमल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कागदावर निशाणी करायची, हा तेव्हा रिवाज. कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी. लिहिणाराच ती काढून देई आणि बाईने नुसता बोरूला हात लावायचा. मी दौत उघडली. हिरूबाईने ती बाजूला सारली.

"शाई कशाला? ही हाय ना!"

तिने दुसऱ्या बाटलीतलं, ओहोळाच्या तोंडाचं पाणी थोडं करवंटीत ओतून घेतलं, हातातली एक बांगडी उतरवून तिच्यात बुडवली आणि अर्जाखाली दाबली. कागदावर जांभळं वर्तुळ उमटलं. मग एकेक बाई पुढे आली. म्हातारीचं मोठं वर्तुळ, नव्या सुनेचं लहान, एका विधवेने "माझ्याकडं बांगडी नाय" म्हणून शेजारणीची मागून घेतली. एकेचाळीस बांगड्या. शेवटी मैनाला कडेवर आणलं. तिला उभं राहवत नव्हतं, केसांचे पुंजके गळत होते, पण आता पाणी पोटात ठरत होतं. तिची इवली बांगडी हिरूबाईने स्वतः दाबली. सही करणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मी नुसती लिहिणारी, अशी मी माझी समजूत घातली होती.

बाटल्या आणि अर्ज ठाण्याला मोठ्या कचेरीत गेले. त्याची एक नक्कल नव्हे, तो मूळ कागदच, म्हणणं विचारण्यासाठी कारखान्यात आला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी हे संध्याकाळी घरी आले ते पागोटं न काढताच झोपाळ्यावर बसले.

"तुझा 'ख' दुसऱ्या कोणाचा नसतो," हे म्हणाले. "विळा उलटा धरल्यासारखा."

मी समईची वात पुढे सारत होते. सारत राहिले.

"मॅनेजरने कागद माझ्यापुढे टाकला. म्हणाला, गावातलं प्रत्येक अक्षर तुम्ही ओळखता, हे कोणाचं? मी म्हटलं, ओळखत नाही."

"इकडून खोटं बोलणं झालं."

"मग काय खरं सांगू? उद्यापासून चूल कशावर पेटेल, याचा विचार केलास?"

"केला. आणि मैनाचाही केला."

हे उठले, खोलीत दोन फेऱ्या घातल्या. मला वाटलं, आता हात उगारतील. तसले नव्हते, पण त्या दिवशी मला कशाचीच खात्री नव्हती. मग हे माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "त्या भुकटीत सोमल असतो, जहर. डब्यांबरोबरच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला वाचता येतं. मी दीड वर्ष वाचतोय."

आम्ही दोघंही लिहिता-वाचता येणारी माणसं, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी आम्हाला वाचायला लावलं होतं.

पाहणीला ठाण्याहून अंमलदार आले ते वसुबारसेला. कारखान्याला आधी कळलं होतं. ओहोळ दोन दिवस बंद, तळाला नवी रेती अंथरलेली, काठावर चुना. मॅनेजर अंमलदारांना छत्रीखालून फिरवत होता. बायका काठावर उभ्या होत्या, आणि या वेळी मीही त्यांच्यात उभी होते, पदर खांद्यावरच ठेवून.

"कुठे आहे रंग?" अंमलदार म्हणाले. त्यांच्या हातात तो अर्ज होता. जांभळी वर्तुळं लांबूनही दिसत होती.

हिरूबाई चिखलात उतरली. खुबे-शिंपल्या काढायला ह्या बायका जन्मभर चिखल उकरतात. कुठे पाय रुततो, कुठे नाही, हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक. गुडघाभर रुतून तिने दोन्ही हातांनी रेती सारली आणि खणू लागली. वीतभर रेती, मग काळा चिखल, आणि चिखलाखाली थर. जांभळा, त्याखाली तांबडा, मग पुन्हा जांभळा, मग हिरवा. जितके सुताचे घाणे निघाले होते तितके थर. खाडीने सगळं जपून ठेवलं होतं. अंमलदारांनी हातातली काठी खुपसली. ती हातभर आत गेली आणि जांभळी होऊन वर आली.

"हे जुनं आहे," मॅनेजर घाईने म्हणाला. "हल्ली आम्ही क्वचितच सोडतो."

"भरतीच्या वेळी सोडतात, साहेब. रोज." आवाज मागून आला. हे बगलेत रोजकीर्द धरून उभे होते. "भरती असली की वर काही दिसत नाही. हौद उपसल्याच्या वेळा मीच लिहितो. आणि तो अर्ज माझ्या पत्नीने लिहिला आहे."

मॅनेजरने त्यांच्या हातातून वही ओढली. अंमलदारांनी ती मॅनेजरच्या हातातून मागून घेतली.

त्याच दुपारी यांची नोकरी गेली. त्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला आळीतलं कुणी आलं नाही. कारखान्यावर आळीतली सहा घरं जगत होती आणि त्यांच्या लेखी आम्ही त्यांच्या ताटात माती कालवली होती. शेजारच्या गोदूताई, ज्यांच्या भिंतीला आमची भिंत, त्यांनी तर आडावर मला पाहून घागर उचलली आणि अर्धी भरलेलीच घेऊन गेल्या. हिरूबाई मात्र भाऊबिजेला आली आणि यांना ओवाळून गेली. "भाव हाय माझा आता," म्हणाली. तबकात सुपारी आणि एक जिवंत, शेपटी मारणारी चिवणी! ठाण्याकडच्या स्वच्छ पाण्यातून मागवलेली. आम्ही ती शिजवली आणि पोट भरून खाल्ली.

हुकूम आला. रंगाचं पाणी नदीत सोडायचं नाही. ओहोळ बंद झाला. आम्ही जिंकलो असं चार दिवस वाटलं. मग कळलं की पाणी थांबलं तरी गाळ थांबलेला नाही; तो गाड्यांत भरून आमच्या आळीच्या टोकाला, गावचा केर पडतो त्या खड्ड्यात येणार होता. खड्ड्याच्या उतारालाच आमचे सगळे आड. हुकमात नदी लिहिली होती, खड्डा लिहिला नव्हता. अक्षराची ताकद मला कळली होती. त्या दिवशी अक्षरातली पळवाटही कळली.

पहिली गाडी आली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. कोळीवाड्याच्या वीसेक बायका टोपल्या घेऊन वाटेत बसल्या होत्या, जणू तिथेच बाजार भरलाय. मी हिरूबाईशेजारी मांडी घातली. गाडीच्या फटींतून जांभळं पाणी टिपकत होतं. वाटभर त्याची रेघ आली होती.

"उठा," गाडीबरोबर आलेला मुकादम म्हणाला. "नाहीतर अंगावर घालीन."

"घाल," हिरूबाई म्हणाली. "पन बैलाला इचार आधी."

बैल उभेच राहिले. गाडीवान खाली उतरला. म्हातारा माणूस, पायांना फडकी बांधलेली. त्याने बायकांकडे पाहिलं, हिरूबाईच्या हातांकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाला, "माजे पाय बी असेच झालेत. मी नाय टाकत हितं." त्याने जोतं सोडलं, बैल घेतले आणि चालू लागला. हाका मारमारून मुकादमाचा घसा बसला, पण त्याने मागे पाहिलं नाही.

"आता ही गाडी कोण हलवणार?" मुकादम ओरडला.

हिरूबाई उठली, लुगड्याचा काष्टा आवळला. "ज्याची हाय त्याला पोचती करतो आमी."

आणि आम्ही ती ढकलत नेली. दहा बायका जुवाला, दहा मागे. मी मागे होते, दोन्ही तळवे ओल्या फळीवर टेकवून. वाटेत कुठून तरी हे आले, धोतर खोचलं आणि चाकाला लागले. उतारावर हिरूबाई "धरा गं, धरा!" म्हणे आणि चढावर "लावा गं, लावा!" ऊन चढलं तेव्हा गाडी कारखान्याच्या फाटकात उभी होती, आडवी, अशी की आतली दुसरी बाहेर येऊ नये. आम्ही हात झटकले आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशीही आम्ही बसलो, तिसऱ्याही. शेवटी कारखान्याला आपल्याच आवारात, चुन्याने बांधलेले खड्डे खणावे लागले. फार मोठा विजय म्हणून सांगत नाही. दोन पावसाळ्यांनी मालकाने कारखानाच हलवला, आणि जिथे नेला तिथे कुणी हिरूबाई असेल की नाही, कोण जाणे. मैना जगली, तिचे केस पुन्हा आले, पण नजर थोडी अधू राहिली. यांना सात महिन्यांनी ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली. खाडीतला तो गाळ अजून तळाशी असेल. मला कुणी विचारतं, एवढं करून काय मिळालं? मी विचारते, गप्प बसून काय मिळणार होतं?

त्या ऋतूतला एक दिवस सांगायचा राहिला. कार्तिकातली पौर्णिमा, गोदूताईंकडे तुळशीचं लग्न. आळीचा रिवाज मोडवेना म्हणून बोलावणं आलं होतं, आणि मीही मुद्दाम गेले. माझे तळवे गाडीच्या त्या फळीने जांभळे झालेले; राख, चिंच, रिठा, कशानेच रंग निघाला नव्हता. बायकांच्या नजरा माझ्या हातांवर येत आणि सरकत. वृंदावनापुढे अंतरपाट धरला. गोदूताई अक्षता वाटत आल्या, माझ्यापाशी थांबल्या. मी पदराआड हात घेतले नाहीत. पुढे केले, दोन्ही, ओंजळ करून, सगळ्यांना दिसतील असे.

त्यांनी त्या ओंजळीकडे पाहिलं. मग अक्षता घातल्या. दोन दाणे नाहीत, मूठभर.

मंगलाष्टकं सुरू झाली. बायकांचे आवाज चढले. त्या आवाजात गोदूताई माझ्याजवळ सरकल्या आणि समोर बघतच म्हणाल्या, "मला लिहायला शिकवाल?"

"उद्या दुपारी या," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी अक्षता टाकल्या.